आइस्क्रीमच्या खोलीतला समुद्र

समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास करायला माणसानं कुठं राहावं अशी यादी कुणी केली, तर सातारा-सांगली हा पट्टा त्यात शेवटून दुसरा लागेल. आमच्या मागे फक्त आमचंच दुष्काळी जत. समुद्र आमच्याकडे नाही, बर्फही नाही. थंडी म्हणाल तर ती येते, आठवडाभर पाहुणचार घेते आणि मफलर विकत घेऊन होईपर्यंत निघून जाते. बर्फ आम्हाला ठाऊक तो लग्नातला. पोत्यात गुंडाळून आलेली लादी, आचाऱ्यानं दगडानं ठेचलेली आणि मठ्ठ्याच्या पिंपात बुडवलेली. अशा मुलखात बसून, ध्रुवाजवळच्या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावरून रडारच्या लहरी कशा विखुरतात, या विषयात मी पीएच.डी.ला नाव घातलं. कॉलेज सांगलीचं, घर कोरेगावच्या पुढच्या खेड्यातलं, आणि डोकं बहुधा त्या दिवशी कुठेच नव्हतं.

भावकीत हे समजावून सांगताना माझ्या वयाची चार-पाच वर्षं गेली असतील. उपग्रह वरून लहर सोडतो. ती बर्फावर आपटते आणि तिच्यातली थोडी परत वर जाते. किती परत आली त्यावरून बर्फ नवा की जुना, पातळ की जाड, हे ओळखायचं. बर्फ आरशासारखा गुळगुळीत असेल तर तिरकी आलेली लहर तो पुढच्या पुढे ढकलून देतो आणि उपग्रहाच्या हाती भोपळा. खडबडीत असेल तर काही लहर उलटी फेकतो. एवढं ऐकून घेतल्यावर माझी चुलती म्हणाली, "म्हंजी बर्फाच्या कारखान्यात लागणार का गं तू?"

आता मूळ दुखण्याकडे येते. बाकीच्या जगानं मोजलेल्या आकड्यांवर मी तीन प्रकरणं लिहिली होती. ती आमच्या संशोधन समितीपुढे ठेवली, तर समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या चुलीवर किती दिवस भाकरी भाजणार? स्वतः मोजलेला एक आलेख दाखवा. एकच. पण खाऱ्या बर्फाचा, आणि खडबडीत. दिवाळीपर्यंत दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द समजा."

खारा बर्फ. सांगलीत. कृष्णेच्या काठावर.

ध्रुवावर जायला खर्च किती येतो ते मी विचारलंही नाही. घरी आले आणि आबांसमोर रडगाणं गायलं. आबा म्हणजे माझे वडील, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी फोन उचलला की साताऱ्यातले निम्मे माजी सैनिक सावधानमध्ये उभे राहतात. उरलेल्या निम्म्यांना तोफांमुळे ऐकू येत नाही. आबांनी त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराला फोन लावला. हा जोडीदार, म्हणजे आमचे काका, हवालदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याच्या एमआयडीसीत आइस्क्रीम बनवतो.

"गड्या, तुझी एक गार खोली रिकामी हाय का?"

"पावसाळ्यात आइस्क्रीम कोण खातंय? दोन रिकाम्या हायेत. कशाला रं? मयत ठेवायचंय का काय?"

"न्हाई. समुद्र ठेवायचाय."

काकांनी काही विचारलं नाही. फौजेत प्रश्न विचारायचे नसतात. फक्त एक अट घातली. नवरात्रात माल भरायचा, त्याच्या आत समुद्र बाहेर निघाला पाहिजे.

आबांनी घरची जुनी काळी पाण्याची टाकी करवतीनं आडवी कापली. कोरेगावच्या बाजारातून मी खडे मिठाची पोती आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, लोणचं किती गावांचं घालताय?" मी म्हटलं, "सगळ्या पृथ्वीचं." त्यानं पोत्यामागं दोन रुपये वाढवले.

रडारचं तोंड मात्र सांगलीहून आणायचं होतं. हे तोंड म्हणजे चांगलं परातीएवढं पितळी नरसाळं. त्यातून लहर सुटते आणि त्यातूनच परत आलेली पकडतात. एसटीत ते मी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते दोनदा वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पाभरीचं चाडं पितळंचं करत्यात व्हय आता?" कंडक्टर आला. आधी माझ्याकडे, मग नरसाळ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ह्याचं हाफ काढू का फुल?" कराड येईपर्यंत त्या चाड्यातून ज्वारी कशी पेरायची यावर अख्खी बस दोन गटांत भांडत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते. जगातल्या इतर लोकांना याच कामासाठी बर्फफोडी जहाजं मिळतात म्हणे.

तर समुद्र घातला. टाकीत पाणी, पाण्यात मीठ, वर यंत्रांची घरघर, आणि खोलीत व्हॅनिलाचा असा वास की तिथून बाहेर आल्यावर मला तासभर जेवण गोड लागायचं. थंडी इतकी, की एकदा मी तिथं शिंकले आणि ती शिंक खाली पडल्याचा आवाज आला. यावर काकांचा विश्वास बसला नाही, पण आबांनी शपथेवर साक्ष दिली.

खारा बर्फ साध्या बर्फासारखा गुमान गोठत नाही. गोठताना तो मीठ बाहेर ढकलतो, सगळं ढकलता येत नाही म्हणून थोडं पोटात ठेवतो, बारीक बारीक थेंबांत. पोटात मीठ असलं की लहरीला आत शिरता येत नाही. हे पुस्तकात वाचायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात पहिला बर्फ पंख्याच्या वाऱ्यानं एका बाजूला जाड आणि एका बाजूला पापडासारखा झाला. दुसरा चांगला जमला होता, तर एमआयडीसीची लाईट गेली आणि त्याचा रबडीसारखा लगदा झाला. तिसऱ्या वेळेला मला कळलं की खोलीच्या भिंती पत्र्याच्या आहेत. म्हणजे रडारची लहर बर्फाला भेटायच्या आधी भिंतीशी गप्पा मारून परत येणार. त्या गप्पा बंद करायला परदेशातून काळे फोमचे सुळके मागवतात. मी साताऱ्यातल्या गादीवाल्याकडून फोम आणला, त्याचे सुळके कापले आणि त्यांना कोळशाची पूड चोळली. माझं तोंड इतकं काळं झालं होतं की दारावर उभ्या आबांनी मला "कौन है?" म्हणून हटकलं.

आणि मग चौथ्या बर्फाला फुलं आली.

हे खरं आहे, यात मी काही घालत नाही. नव्या खाऱ्या बर्फावर, हवा शांत आणि ओलसर असली, तर गोठलेल्या दवाची बारीक पांढरी फुलं उगवतात. खालचं खारं पाणी ती देठातून वर ओढून घेतात. समुद्रावर अशी फुलं आली की उपग्रहाच्या चित्रात तो भाग एकदम उजळतो. लहरीला अडखळायला खडबड पाहिजे, मीठ पाहिजे, आणि फुलात दोन्ही असतं. मी पंख्यापुढे ताडपत्री लावली होती, कोपऱ्यात कोमट पाण्याची बादली ठेवली होती, आणि एका सकाळी दार उघडलं तर टाकीभर पांढरं फुललेलं. कापसाच्या बोंडांसारखं, पण कापसाहून नाजूक. मी श्वास सोडायलाही घाबरले. मला जो आलेख हवा होता, तो समोर उगवून उभा होता.

मोजणीचं यंत्र अजून कॉलेजातच होतं. ते महाग, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांशिवाय कॉलेजाबाहेर जायचं नाही असा नियम. तेव्हा सांगलीला जाऊन सरांना आणि यंत्राला घेऊन यायचं ठरलं. निघताना आबांना दारावर बसवलं.

"आबा, कुणाला आत सोडायचं न्हाई."

"परिंदा बी फिरकणार न्हाई."

"आन् माझे सर येणारेत उद्या. मोठे साहेब हायेत."

हे वाक्य मी का बोलले असेन? आदरानं बोलले. फौजी माणसाच्या घरात जन्म काढून मला कळायला हवं होतं, की "साहेब येणार" हे शब्द कानावर पडले की जवान काय करतो. पण ते मला साताऱ्यात परत आल्यावर कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा कारखान्याच्या फाटकाशी थांबली. फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना दगड मांडलेले, एक चुन्यानं पांढरा, एक गेरूनं लाल. आंब्याच्या झाडाला कमरेपर्यंत गेरू. काकांनी इस्त्रीची पँट घातलेली. आबा छातीवर सगळी पदकं लावून दारापाशी उभे. सर उतरले. सर सांगलीचे, आवाजानं आणि अंगानं बारीक, त्यात थंडीच्या भीतीनं पावसाळ्यात माकडटोपी घातलेली. आबांनी असा कडक सॅल्यूट ठोकला की सरांनी घाबरून यंत्र छातीशी धरलं.

"मुआयना के लिए तैयार है, साहब," आबा म्हणाले.

दार उघडलं. टाकीत बर्फ आरशासारखा चमकत होता. एक फूल नाही. छतावरचा दिवा त्यात दिसत होता, दिव्यावरची मेलेली माशी दिसत होती, आणि वाकून बघितल्यावर माझं तोंड दिसलं.

"आबा! फुलं कुठं गेली?"

"कसली फुलं?"

"आवं, पांढरी! बर्फावर उगवलेली!"

"ती व्हय?" आबा अभिमानानं म्हणाले. "बुरशी हुती ती, पोरी. अख्ख्या बर्फाला लागलेली, केसाळ. साहेब येणार आन् आपण बुरशी दावायची का? मी केरसुणीनं झाडून काढली."

"लय चिवट न्हवती पर," काका म्हणाले. "एका झाडणीत गेली."

"मंग कोमट पाणी वतलं," आबा म्हणाले, "आन् गवंड्याचा रंधा काठीला बांधून फिरवला. नंतर परत गोठू दिला. बघ की कसा झालाय!"

माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते मी इथं लिहीत नाही. त्यातले निम्मे मी आबांकडूनच शिकले होते. एवढंच सांगते, की सरांनी माकडटोपी कानावरून खाली ओढली आणि काका भिंतीकडे तोंड करून फोमचे सुळके मोजायला लागले.

आबांचा चेहरा मात्र तसाच राहिला. मग हळूहळू त्यांना कळत गेलं.

"म्हंजी ती पायजेल हुती?"

"तेवढीच पायजेल हुती, आबा! बाकी सगळं फुकटचं हुतं!"

सर म्हणाले, "आलोच आहोत तर मोजून तर बघू." सांगलीच्या माणसाला भरलेलं भाडं वाया गेलेलं आवडत नाही. आम्ही नरसाळं तिरकं लावलं, यंत्र सुरू केलं. पडद्यावर एक रेघ आली. आडवी. माझ्या सबंध आयुष्यात मी इतकी आडवी रेघ पाहिलेली नाही. माणसाच्या छातीच्या यंत्रावर अशी रेघ आली असती तर नातेवाईकांना फोन गेले असते. गुळगुळीत बर्फानं सगळी लहर पुढच्या पुढे घालवून दिली होती आणि आमच्याकडे काही म्हणजे काही परत आलं नव्हतं.

"सुंदर आहे," सर म्हणाले. "पण असला बर्फ समुद्रावर सापडत नाही. आणि समितीला हा नकोय."

सर यंत्र घेऊन त्याच दिवशी सांगलीला परत गेले. यंत्र पुन्हा बाहेर द्यायचं की नाही हे विभागप्रमुखांच्या हातात. ते एकदा दिलेलं दुसऱ्यांदा देत नाहीत हे आख्ख्या कॉलेजला ठाऊक. नवरात्र तोंडावर, दिवाळी त्याच्यामागे. घरी गेल्यावर मी आबांशी बोलले नाही. जेवताना मीठ पाहिजे असलं तरी मागितलं नाही. दोन दिवस मी अळणी आमटी खाल्ली, आणि त्यात माझंच नुकसान झालं, कारण आबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते ओसरीवर बसून बूट पुसत होते.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचे पाय धरायला मी सांगलीच्या गाडीत बसले, तर मागच्या सीटवर आबा. पदकांसकट.

"तुमी कशाला?"

"चूक कुणी केली?"

"तुमी."

"मंग साहेबापुढं पेशी कुणाची?"

कराड गेलं, इस्लामपूर गेलं, सांगली आली. विभागप्रमुखांच्या दारात आबा आधी आत घुसले, मी मागं. प्रमुख फायलीत मान घालून होते. आबांनी टाच आपटली. टेबलावरचा चहा सांडला.

"साहेब, बर्फ मी झाडला. हुकूम न समजता झाडला. हिचा हात न्हाई. शिक्षा मला द्या, यंत्र हिला द्या."

प्रमुखांनी आधी नियम सांगितला. आबांनी तो उभं राहून, मान हलवत, पूर्ण ऐकून घेतला. मग नुसतेच उभे राहिले. प्रमुखांनी परत नियम सांगितला. आबा उभेच. शेजारच्या खोलीतले लोक दारात डोकावायला लागले. प्रमुख म्हणाले, "अहो, बसा तरी." आबा म्हणाले, "साहेब, फैसल्याआधी बसत नसत्यात." शेवटी माणूस किती वेळ पदकांकडे बघत फाईल वाचणार? प्रमुखांनी मला विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "फुलं उगवतील तेवढे." त्यांनी नवरात्राचे घट बसायच्या आधीची तारीख घातली आणि सही केली.

यंत्राची परवानगी मिळाली, पण फुलं हुकमावर येत नाहीत. पाचवा बर्फ घातला, पंखा झाकला, बादली ठेवली. पहिल्या सकाळी काही नाही. दुसऱ्या सकाळी काही नाही. काका रोज येऊन डब्यांचे खोके दाराजवळ एकेक पुढं सरकवत होते. बोलत काही नव्हते, पण खोके बोलत होते. मी मनातल्या मनात बर्फाला, ध्रुवाला, समितीला आणि चुलतीला शिव्या देत होते. चुलतीचा तसा काही संबंध नव्हता.

सरांना बोलावून घेतलं होतं. ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी भर पावसात पोचले, यंत्र रेनकोटात गुंडाळून. मी आत होते. सकाळपासून बर्फाच्या एका कोपऱ्यात फुलं दिसायला लागली होती. फार नव्हती, ताटभर म्हणा. मी हलत नव्हते. बाहेर आवाज चढला.

"अहो, मला आत जाऊ द्या. मी तिचा मार्गदर्शक आहे."

"वळखतो साहेब. पर आत हुकूम न्हाई."

"यंत्र भिजतंय, सुभेदारसाहेब!"

"भिजू द्या. मागच्या टायमाला मी माझ्या डोक्यानं वागलो, बर्फ गेला. आता डोकं बंद."

मी आतून ओरडले, "आबा, सोडा त्यांना!"

"आवाज कुणाचा?"

"तुमच्या पोरीचा!"

"बाहेर येऊन सांग."

बाहेर यायचं म्हणजे दार उघडायचं, वारा आत, फुलं खलास. मी ताडपत्री धरून अर्धी वाकून, दाराच्या फटीतून फक्त तोंड बाहेर काढलं. आबांनी ते नीट निरखून पाहिलं आणि मगच सर आत सरकले. माकडटोपीवरचं पाणी बर्फावर पडू नये म्हणून ते चालताना डोकं मागं धरून होते, सिनेमातल्या भुतासारखे.

आम्ही नरसाळं त्या ताटभर फुलांवर रोखलं. मी बटण दाबलं. पडद्यावर रेघ आली, आडवीच आली, आणि मधे कुठंतरी उचलली. उंचवटा म्हणावा तर उवेएवढा. मी डोळे पुसले, परत मोजलं. परत तिथंच, तेवढाच. नरसाळं बाजूच्या कोऱ्या बर्फावर फिरवलं, उंचवटा गेला. परत फुलांवर आणलं, उंचवटा आला.

मला वाटलं होतं असं झालं की मी नाचेन. मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यावर बसले. इतक्या सगळ्या खटाटोपाला, आणि उवेएवढा. पुस्तकातले उंचवटे अजिंक्यताऱ्याएवढे असतात.

"कमी आहे," मी म्हटलं.

"कमी आहे," सर म्हणाले. "पण तुझं आहे. समितीला एवढं पुरेल. भांडतील, पण पुरेल."

सर टोपी पिळत बाहेर गेले आणि आबा आत डोकावले. बर्फाकडे मुद्दाम बघत नव्हते, जणू नजरेनंही फुलं झडतील.

"पास का नापास?"

"पास. काठावर."

आबा मागं वळले आणि पावसात उभ्या काकांना ओरडून म्हणाले, "फर्स्ट क्लास!"

काकांनी त्याच क्षणी पहिला खोका उचलून आत आणला. संध्याकाळच्या गाडीत आबांनी कंडक्टरला सांगितलं की पोरीनं समुद्र गोठवून दाखवला. वाटेत चढलेल्या रहिमतपूरच्या एका ओळखीच्याला सांगितलं की उपग्रहवाल्यांचा फोन आला होता. कोरेगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांच्या गोष्टीत टाकीचा तलाव झाला होता आणि फुलांतून माणूस कमरेएवढा बुडत होता. माझ्या मांडीवर आलेख होता. त्या उवेच्या दोन्ही बाजूंना, चूक किती असू शकते हे दाखवणाऱ्या रेघा मला अजून काढायच्या होत्या. मी अंदाज घेतला. त्या रेघा उवेहून जेमतेम लहान भरत होत्या, म्हणजे ऊ खरी होती.